अडखळणारे चलचित्र : घरच्या संगणकाची क्रमवार तपासणी

दूरचित्रवाणी संचाला जोडलेला संगणक ही आता अनेक घरांतील नेहमीची वस्तू झाली आहे. कामासाठी नवा संगणक आला की जुना दिवाणखान्यात येतो. त्याला एखादी मोठी हार्ड डिस्क जोडली जाते आणि जुने चित्रपट, नाटकांची चित्रणे, लग्नमुंजीच्या सीडी, मुलांच्या स्नेहसंमेलनांची दृश्ये असे सारे घरचे भांडार त्यात जमा होत जाते. काही महिने सर्व सुरळीत चालते. मग एके दिवशी चित्र अडखळू लागते, पात्रांचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते, पडदा क्षणभर गोठतो आणि पुन्हा झेप घेतो.

अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक निर्णय घाईने होतो. संगणक जुना झाला असे ठरवून नवा आणला जातो, अथवा सर्व काही पुसून विंडोज नव्याने बसवले जाते. पहिल्या उपायात पैसा खर्च होतो आणि दोष वाय-फायमध्ये असेल तर नव्या संगणकावरही चित्र अडखळतच राहते. दुसऱ्या उपायात, पुरेशी काळजी न घेतल्यास, पुन्हा कधीही न मिळणारे चित्रण पुसले जाण्याचा धोका असतो.

चित्र हरवणे म्हणजे काय, हे कोल्हापूरइतके क्वचितच एखाद्या शहराने अनुभवले असेल. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात चलचित्रणाचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पण त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी सखल वस्त्यांत शिरले, तेव्हा कपाटांतील अल्बम, कॅसेटी आणि सीडीही त्याच्या तावडीतून सुटल्या नाहीत. म्हणून अडखळणाऱ्या चित्राची तपासणी करताना पहिला विचार संगणकाच्या वेगाचा न करता त्यातील चित्रणाच्या सुरक्षिततेचा करावा, हे उत्तम.

चलचित्र हळू चालण्याची कारणे डझनभर असू शकतात. त्यांपैकी बहुतेक कारणे महिनाभर तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. एकच कारण असे आहे की जे थांबत नाही, ते म्हणजे निकामी होऊ लागलेली हार्ड डिस्क. त्यामुळे तपासणीचा क्रम तिच्यापासून सुरू होतो.

आवाज आणि चित्र यांचे नाते

तपासणीपूर्वी मूळ प्रक्रिया समजून घेणे उपयुक्त ठरते. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवली जाई आणि सेकंदाला किती चौकटी उमटतील हे त्या हाताच्या गतीवर अवलंबून असे. बोलपट आले आणि ही मोकळीक संपली, कारण गती बदलली की आवाजाची पट्टीही बदलते. म्हणून चित्रपटासाठी सेकंदाला २४ फ्रेम ही गती ठरून गेली. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली कोल्हापुरात तयार केलेला 'अयोध्येचा राजा' हा बोलपट याच नव्या शिस्तीच्या युगातला. भारतीय दूरचित्रवाणीने २५ फ्रेमची पद्धत स्वीकारली.

संगणकही याच तत्त्वावर चालतो. तो आवाजाला घड्याळ मानतो आणि चित्राला त्याच्या मागे चालवतो. सेकंदाला २५ फ्रेम दाखवायच्या असतील, तर प्रत्येक फ्रेम उलगडून पडद्यावर आणण्यासाठी त्याच्याकडे ४० मिलिसेकंद असतात. तेवढ्या वेळात काम झाले नाही, तर तो आवाज न थांबवता काही फ्रेम गाळतो आणि पुढे जातो. गाळलेल्या फ्रेम प्रेक्षकाला अडखळण्याच्या रूपाने दिसतात.

यातूनच निदानाचे पहिले सूत्र मिळते. आवाज अखंड असून केवळ चित्र तुटत असेल, तर फ्रेम उलगडण्याची शक्ती कमी पडत आहे, असे समजावे. आवाज आणि चित्र दोन्ही एकदम थांबत असतील, तर फाइलमधील माहितीच वेळेवर पोहोचत नाही. दोष हार्ड डिस्क, सीडी वा नेटवर्क यांत शोधावा. आवाज ठीक, चित्रही तुटत नाही, पण कॅमेरा आडवा फिरताना दृश्य ठरावीक अंतराने हिसका देते, असे असल्यास दोष बहुधा पडद्याच्या मांडणीत असतो.

पहिली तपासणी हार्ड डिस्कची

हार्ड डिस्कचा एखादा भाग खराब झाला की ती तो पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते. त्या काळात चित्र आणि आवाज दोन्ही गोठतात. एकाच चित्रपटात ठरावीक ठिकाणीच असे होणे, फाइल दुसरीकडे उतरवताना मध्येच थांबणे, फोल्डर उघडण्यास फार वेळ लागणे, डिस्कमधून टकटक असा आवाज येणे, ही धोक्याची लक्षणे होत.

प्रत्येक आधुनिक डिस्क 'स्मार्ट' नावाच्या व्यवस्थेद्वारे स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स ही साधने ती नोंद दाखवतात. तीत 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी महत्त्वाच्या. पहिलीत बदली करावे लागलेले भाग मोजले जातात, तर दुसरीत वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले. दोन्ही आकडे शून्य असावेत. दुसरा आकडा वाढत असेल, तर चित्रपट पाहणे तेथेच थांबवावे आणि आधी प्रत काढावी.

प्रत काढतानाही क्रम पाळावा. पुन्हा मिळू शकणार नाही ते प्रथम: घरगुती चित्रणे आणि छायाचित्रे. चित्रपट सर्वांत शेवटी. एखादी फाइल वाचली जात नसेल तर तिच्यावर वेळ न घालवता पुढची घ्यावी. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन नेमके असेच करते. सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अवघड भागाकडे नंतर वळते. अशा डिस्कवर 'चेक डिस्क' चालवण्याचा मोह टाळावा. ते फाइल प्रणालीची दुरुस्ती करते, मात्र आधीच थकलेल्या डिस्कवर त्याचा मोठा ताण पडतो आणि दुरुस्तीच्या ओघात अर्धवट फाइल तुटूही शकतात. पुरात भिजलेली डिस्क घरी वाळवून चालू करून पाहू नये. आतील तबकडीवर साचलेला गाळ फिरत्या डिस्कला कायमचा निकामी करू शकतो. ती तशीच माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

डिस्क निरोगी निघाली, तर पुढील सर्व तपासण्या निर्धास्तपणे कराव्यात.

परिचित फाइलची कसोटी

एकाच वेळी सर्व शंका तपासू लागल्यास गोंधळ वाढतो. त्याऐवजी एक साधी, पूर्वी नक्की सुरळीत चाललेली फाइल निवडावी आणि ती संगणकाच्या आतील डिस्कवर ठेवून चालवून पाहावी. ती सुरळीत चालली, तर संगणक मूलतः सक्षम आहे. मग अडखळणारी फाइल त्याच जागी उतरवून चालवावी. आता तीही नीट चालली, तर दोष तिच्या मूळ ठिकाणाचा किंवा तेथून येणाऱ्या मार्गाचा. तरीही ती अडखळली, तर दोष फाइलच्या घडणीचा आणि संगणकाच्या शक्तीचा.

यासाठी प्लेअरमधील आकडे मदतीला येतात. व्हीएलसीच्या 'टूल्स' यादीतील 'मीडिया इन्फर्मेशन' उघडल्यास 'स्टॅटिस्टिक्स' या पानावर दाखवलेल्या आणि हरवलेल्या फ्रेमची संख्या दिसते. कोडी वापरणाऱ्यांनी चित्रपट सुरू असताना इंग्रजी 'ओ' अक्षराची कळ दाबली की अशीच माहिती पडद्यावर उमटते. हरवलेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर शंकेला पुरावा मिळाला. तो शून्य असूनही चित्र हिसके देत असेल, तर मोर्चा पडद्याकडे वळवावा.

आणखी एक सोपी कसोटी आहे. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून थेट दूरचित्रवाणी संचाला लावावी. आजच्या बहुतेक संचांत चित्र उलगडणारी स्वतंत्र चिप असते. संचाने ती फाइल सहज दाखवली, तर फाइल निर्दोष आहे हे सिद्ध होते. कित्येकदा संगणकाची गरजच उरत नाही.

फाइलचे वजन आणि घडण

दोन फाइली सारख्याच लांबीच्या असल्या तरी संगणकावर त्यांचा भार सारखा नसतो. व्हीसीडीच्या एका फ्रेममध्ये ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे १ लाख ठिपके असतात. डीव्हीडीत ते सुमारे ४ लाख, 'फुल एचडी'मध्ये २० लाखांहून अधिक आणि 'फोर के'मध्ये जवळपास ८३ लाख. व्हीसीडी सहज चालवणारा संगणक 'फोर के'समोर हतबल झाला, तर त्यात आश्चर्य नाही.

ठिपक्यांइतकेच महत्त्व कोडेकला, म्हणजे चित्र आकसवण्याच्या पद्धतीला आहे. व्हीसीडीला एमपेग-१, डीव्हीडीला एमपेग-२, त्यानंतर २००३ साली प्रमाणित झालेली एच-२६४, २०१३ ची एच-२६५ अर्थात एचईव्हीसी आणि २०१८ ची एव्ही-१, असा हा प्रवास आहे. प्रत्येक नव्या पद्धतीत फाइल लहान होते, पण ती उलगडण्याचे गणित अधिक अवघड होते. म्हणूनच १ जीबीची एचईव्हीसी फाइल अडखळते आणि ४ जीबीची एच-२६४ फाइल सुरळीत चालते, असा विरोधाभास घराघरांत दिसतो.

फाइलचा वेग घरच्या घरी काढता येतो. आकार मेगाबाइटमध्ये घ्यावा, त्याला ८ ने गुणावे आणि लांबीच्या सेकंदांनी भागावे. दोन तासांचा ४ जीबीचा चित्रपट सेकंदाला सुमारे साडेचार मेगाबिट मागतो. मिनिटाला ४०० एमबी खाणारे मोबाइलवरील 'फोर के' चित्रण सेकंदाला ५३ मेगाबिटांच्या घरात जाते. यूएसबी २.० जोडणीतूनही प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटांच्या, म्हणजे २४० मेगाबिटांच्या आसपास माहिती येऊ शकते. तेव्हा निरोगी डिस्क आणि केबल असताना यूएसबीला दोष देण्याचे कारण क्वचितच उरते.

ग्राफिक्स चिप आणि ड्रायव्हर

फ्रेम उलगडण्याचे काम दोन ठिकाणी होऊ शकते: मुख्य प्रोसेसरमध्ये अथवा ग्राफिक्स चिपमधील खास विभागात. खास विभाग हे काम अत्यल्प विजेत आणि जवळपास विनासायास करतो. मात्र त्याला जी पद्धत शिकवलेली असते, तेवढीच त्याला येते. इंटेलच्या प्रोसेसरचे उदाहरण घेतल्यास, एच-२६४ साठीची सोय २०११ पासूनच्या पिढ्यांत सर्रास मिळते. साध्या म्हणजे ८ बिटांच्या एचईव्हीसीची सोय सहाव्या पिढीपासून, १० बिटांच्या एचईव्हीसीची सातव्या पिढीपासून, तर एव्ही-१ ची अकराव्या पिढीपासून आढळते. छोटेखानी रास्पबेरी पाय ४ मध्येही एचईव्हीसी उलगडण्याची सोय आहे. त्यामुळे आकाराने मोठा पण जुना डेस्कटॉप ज्या फाइलवर धापा टाकतो, ती तळहाताएवढ्या यंत्रावर आरामात चालू शकते.

सोय असूनही ती वापरली जात नाही, असेही घडते. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे नाव दिसले, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही असे समजावे. विंडोज नव्याने बसवल्यानंतर चित्र अडखळू लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. संगणकाच्या अथवा चिपच्या उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. ड्रायव्हर आपोआप शोधून देण्याचा दावा करणारे अनोळखी प्रोग्राम टाळावेत.

त्यानंतर प्लेअरच्या मांडणीत 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' चालू आहे याची खात्री करावी. विंडोज १० आणि ११ च्या 'टास्क मॅनेजर'मध्ये ग्राफिक्स चिपच्या पानावर 'व्हिडिओ डीकोड' असा आलेख असतो. चित्रपट चालू असताना तो हलत असेल, तर खास विभाग काम करत आहे. तो शून्यावर पडून असेल आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडला असेल, तर सारा भार चुकीच्या खांद्यावर आहे. १० बिटांच्या एच-२६४ फाइली मात्र बहुतेक ग्राफिक्स चिपना उलगडता येत नाहीत. तेथे प्रोसेसरच हवा.

उष्णता, धूळ आणि वीज

चित्रपट सुरू होताना सर्व ठीक आणि पंधरावीस मिनिटांनी अडखळणे सुरू, असे होत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. दिवाणखान्यातील संगणक बहुधा शोकेसच्या बंद कप्प्यात, कधी त्यावर क्रोशाचे आच्छादन घालून ठेवलेला असतो. त्याला श्वास घ्यायला जागा हवी. वर्षातून एकदा, वीजजोडणी पूर्ण काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून धूळ काढावी. पाती मोकळी ठेवून हवेचा झोत मारल्यास पंखा बेफाम फिरून त्याची बेअरिंग बिघडू शकते. फार जुन्या यंत्रात प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो; तो बदलण्यास अल्प खर्च येतो आणि फरक मोठा पडतो.

लॅपटॉप बॅटरीवर किंवा 'बॅटरी सेव्हर'वर चालत असेल, तरी वेग घटतो. काही लॅपटॉप मूळ अडॅप्टर ओळखता न आल्यासही वेग आवरता घेतात, म्हणून स्वस्त अडॅप्टर घेताना वॅट तपासावेत. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूर परिसरात वळवाचा पाऊस विजांच्या कडकडाटासह येतो. अशा संध्याकाळी केवळ बटण बंद न करता प्लग काढावा; शिवाय केबलवाल्याची आणि राउटरची तारही सोडवावी.

वाय-फाय आणि जुने वाडे

चित्रपट एका खोलीतील डिस्कवर आणि पडदा दुसऱ्या खोलीत असेल, तर नेटवर्कची तपासणी अपरिहार्य ठरते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागांतील वाड्यांच्या जाड दगडी भिंती वाय-फायचा संकेत झपाट्याने क्षीण करतात. नव्या सदनिकांत भिंती पातळ असल्या तरी शेजारपाजारच्या राउटरची गर्दी असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर पोहोचतो; परंतु याच पट्ट्यात शेजारची यंत्रे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे दुबळा. एकाच खोलीत राउटर असेल तर ५, मध्ये एकदोन भिंती असतील तर २.४, असा ठोकताळा वापरता येतो.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तार. साध्या १०० मेगाबिटांच्या लॅन केबलमधूनही सेकंदाला ११ मेगाबाइटांच्या आसपास माहिती अखंड वाहते आणि घरातील बहुतेक चित्रपटांना ती पुरते. येथे मेगाबिट आणि मेगाबाइट यांतील आठपटीचा फरक ध्यानात ठेवावा. इंटरनेट सेवेच्या जाहिरातीतील आकडा मेगाबिटांचा असतो, तर फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटांचा. या गफलतीतून सेवेविषयी अनाठायी तक्रारी होतात.

पडद्याचा ताल

बहुतेक संगणक पडद्याला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतात. २५ फ्रेमच्या चित्रणाला ६० चा ताल जुळत नाही. काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दाखवाव्या लागतात आणि संथ फिरणाऱ्या दृश्यात हिसके जाणवतात. संगणकाच्या 'डिस्प्ले' मांडणीत ५० हर्ट्झ निवडल्यास प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते आणि हिसका नाहीसा होतो. कोडीमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हा पर्याय हे काम आपोआप करतो.

जुना लॅपटॉप नव्या 'फोर के' संचाला जोडल्यावर वेगळीच अडचण येते. एचडीएमआय १.४ च्या जोडणीतून 'फोर के' चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकते. अशा वेळी संगणकाला 'फुल एचडी' आणि ५० वा ६० हर्ट्झ अशी मांडणी द्यावी. चित्र मोठे करण्याचे काम संच स्वतः करतो.

ब्राउझरमधील चलचित्र

डिस्कवरील फाइली नीट चालतात, पण यूट्यूब अडखळते, अशी तक्रार असेल तर दोष नेहमी इंटरनेटचाच असतो असे नाही. यूट्यूब व्हीपी-९ आणि एव्ही-१ या पद्धती मोठ्या प्रमाणावर वापरते आणि जुन्या ग्राफिक्स चिपना त्या येत नाहीत. चालू चित्रावर माउसची उजवी कळ दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडल्यास कोडेकचे नाव आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. साठवण पुरेशी असूनही फ्रेम गळत असतील, तर यंत्राची शक्ती कमी पडते आहे. एच-२६४ ची सक्ती करणारे ब्राउझरचे पूरक प्रोग्राम उपलब्ध आहेत. ते न जमल्यास चित्राचा दर्जा १०८० वरून ७२० वर आणावा. मध्यम आकाराच्या पडद्यावर हा फरक सहजासहजी जाणवत नाही.

जुन्या सीडी आणि कॅसेटी

२००० च्या दशकातील लग्नांची चित्रणे बहुधा व्हीसीडीवर आहेत. एका व्हीसीडीत सुमारे ७४ मिनिटे मावतात. तिच्यातील चित्राच्या भागाला माहितीच्या सीडीइतके चूकदुरुस्तीचे संरक्षण नसते. त्यामुळे किरकोळ ओरखडाही चित्रावर उमटतो. सीडीवरून थेट चालवताना चित्र थांबत असेल, तर तबकडी मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे पुसावी, गोल फिरवून पुसू नये. मग 'एमपीईजीएव्ही' या फोल्डरमधील 'डॅट' फाइल डिस्कवर उतरवावी. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसऱ्याने वाचल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, म्हणून एका नकाराने ती टाकून देऊ नये.

मिनीडीव्ही कॅसेटीवरून उतरवलेले चित्रण तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते. ते जड वाटले तरी उलगडण्यास सोपे असते. अशा चित्रणात हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतात. प्लेअरमधील 'डीइंटरलेस' चालू केल्यास त्या जातात. जुन्या यंत्रावर या पर्यायाचा भार पडून चित्र अडखळल्यास त्यातील हलका प्रकार निवडावा.

न चालणाऱ्या फाइलचे रूपांतर हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने ८ बिटांच्या एच-२६४ मध्ये करता येते. मात्र प्रत्येक रूपांतरात चित्राचा काही अंश हरवतो. म्हणून रूपांतरित प्रत पाहण्यासाठी वापरावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी. जागा वाचवण्यासाठी मूळ पुसणे, ही पुढे पश्चात्ताप देणारी काटकसर ठरते.

लक्षणांवरून निदान

- चित्र आणि आवाज दोन्ही गोठतात, ठरावीक जागी : हार्ड डिस्क वा सीडी खराब. आधी प्रत.
- दोन्ही गोठतात, कधीही आणि कोठेही : वाय-फाय, सैल केबल, पार्श्वभूमीवर चाललेले अपडेट अथवा विषाणूतपासणी.
- आवाज अखंड, चित्र तुटते : कोडेक, ड्रायव्हर अथवा बंद असलेले हार्डवेअर ॲक्सिलरेशन.
- सुरुवातीस ठीक, नंतर बिघाड : उष्णता.
- फ्रेम हरवत नाहीत, तरी आडव्या दृश्यात हिसके : पडद्याचा रिफ्रेश रेट.
- केवळ ब्राउझरमध्ये त्रास : व्हीपी-९ वा एव्ही-१, अपुरी रॅम, अनेक उघड्या खिडक्या.
- मोबाइलवरील चित्रणच अडखळते : 'फोर के' अथवा एचईव्हीसी.

खर्च केव्हा करावा

वरील तपासण्यांपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही. त्या पूर्ण केल्यावरही उणीव उरली, तर खर्चाचा क्रम साधारण असा असावा: प्रथम सुरक्षित प्रतीसाठी दुसरी डिस्क, मग लॅन केबल, त्यानंतर विंडोजसाठी एसएसडी आणि आवश्यक तेवढी रॅम. केवळ नव्या कोडेकची अडचण असेल, तर संचाला जोडायचे छोटे उपकरण नव्या संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हा विंडोज ११ न पेलणारा जुना संगणक इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ चित्रपटांसाठी वापरावा, किंवा त्यावर लिनक्स बसवावे.

दुसरी डिस्क मात्र चित्र सुरळीत चालत असले तरी घ्यावी. घरगुती चित्रणांची एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो नदीच्या पूररेषेबाहेर राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवावी आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, ती उघडून चालते की नाही हे पाहावे. अडखळणारा चित्रपट पुन्हा कोठून तरी मिळतो. आजीच्या हळदीकुंकवाचे चित्रण दुसऱ्या कोणत्याही संग्रहात नसते.